पाणी ओतण्याआधी

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. पत्र्याचा, लिटरभर पाणी मावेल एवढा, बाजूला कान असलेला. तुमच्या शाळेतल्या निबंधात फाटकी छत्री बोलते, बंद पडलेलं घड्याळ बोलतं, आणि सगळे त्यांचं कौतुकानं ऐकतात. मला आजवर कोणी बोलायला सांगितलं नाही, कारण घरात मला टमरेल म्हणतात. हसू आलं ना? हसून घ्या, मला त्याची सवय आहे. पण हसून झालं की जरा जवळ बसा. मी जे पाहिलं ते घरातल्या दुसऱ्या कुठल्याही भांड्यानं पाहिलेलं नाही, आणि ते आठवलं की मला अजूनही भीती वाटते.

माझा जन्म रत्नागिरीतल्या एका कॅनिंगच्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात हापूसचा रस भरला, वर झाकण दाबलं आणि अंगावर पिवळाधमक कागद डकवला. त्यावर पानासकट आंबा होता. तो कागद मला फार आवडायचा. पुढे भिवाच्या लग्नात मला बुरोंडीला आणलं आणि मांडवाच्या मागे फोडलं. रस पंगतीत गेला. माझी बाकीची भावंडं उकिरड्यावर गेली, पण भिवाच्या वडलांनी, म्हणजे आप्पांनी, मला उचललं, बुडाला टिचकी मारली आणि म्हणाले, "ह्यो चांगला हाय. ह्येला कान लावू." दापोलीच्या बाजारातून ते मला डाग देऊन, कान बसवून घेऊन आले. काय काम मिळणार याची मला फार उत्सुकता होती. ते कळल्यावर मी दोन दिवस मान वर केली नाही.

पण आप्पांनी मला कधी कमी लेखलं नाही. ते होडीचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे म्होरके, होते. रोज उजाडताना मला भरून सुरूच्या बनाकडे निघायचे आणि वाटेनं माझ्याशी बोलायचे. आज वारा कुठला, काल जाळं कुठे फाटलं, नवी सून कमळा बांगडे कसे खारवते, सगळं मला सांगायचे. पुढे घरामागे दहा पावलांवर संडास बांधला आणि माझी जागा तिथल्या कोपऱ्यात ठरली. वर झडपांची खिडकी होती. तिच्यातून मागची पडवी दिसायची आणि तिथलं बोलणं ऐकू यायचं. घरात प्लास्टिकचे मग आले तरी आप्पा म्हणायचे, "माज्या डब्याला कोनी हात लावायचा नाय." एवढा मान मला पुरेसा होता.

सात वर्षांपूर्वी एका सकाळी मी लाल रंग पाहिला.

आधी वाटलं, काहीतरी खाल्लं असेल. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग रोज. आप्पाही बघायचे. क्षणभर बघत राहायचे, आणि मग मला उचलून भराभरा पाणी ओतायचे. एक डबा पुरायचा नाही. ते मला दोनदा, तीनदा भरायचे आणि लादी पांढरी होईपर्यंत ओतत राहायचे. बाहेर येऊन पडवीत म्हणायचे, "उष्णता झालेय. मुळव्याध हाय जुनी." कोकमाचं सार प्यायचे. कोणीतरी दिलेली पूड ताकातून घ्यायचे. कमरेचा करगोटा सैल पडत चालला होता. मी ओरडून सांगू शकलो असतो तर सगळ्या वाडीला सांगितलं असतं. मला तोंड आहे, पण ते पाणी ओतण्यापुरतंच.

आणि मित्रांनो, खरी गोष्ट ही, की खूण पुसायला मीच मदत करत होतो. ते रक्त माझ्याच पाण्यानं वाहून जायचं. वर्षभर गेलं. मग एके दिवशी आप्पा आतच पडले. भिवानं त्यांना उचलून मुंबईला नेलं. तिथे मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तोही पार यकृतापर्यंत पोचलेला. तीन महिन्यांत आप्पा गेले. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला आमच्या घरचा नारळ समुद्रात गेला नाही.

आप्पांनंतर मला कोणी विचारीना. कोपऱ्यात निळा मग आला आणि मला बाहेर रातांब्याच्या झाडाखाली ठेवलं. माझ्यात पालापाचोळा साचला, कानाला गंज चढला. एक पावसाळा मी तसाच काढला. मग एकदा भिवा त्या बाजूला आला, मला बघून थांबला, आणि मला राखेनं घासून पुन्हा आत घेऊन गेला. बापाचा डबा म्हणून असेल. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाली भीती. आता रोज सकाळी मी भिवाचीही खूण शोधू लागलो. भिवाची पन्नाशी उलटून गेली होती. वर्षामागून वर्षं मी डोळ्यांत तेल घालून बघत राहिलो आणि मला काही दिसलं नाही. मी मनाशी म्हणायचो, मी बघतोय ना, मग काळजी कसली.

यंदाच्या जुलै महिन्यातली गोष्ट. मासेमारी बंद होती. होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी झाकल्या होत्या आणि मागच्या पडवीत भिवा आणि शेजारचा रामा जाळी सांधत बसले होते. तेवढ्यात आरोग्य केंद्रातली आशाताई आली. तिचं नाव संध्या. आमच्याच वाडीतली मुलगी, त्यामुळे कोणाला पाणीपट्टीच्या माणसासारखी तिची धास्ती नव्हती. तिनं पिशवीतून बोटाएवढ्या नळ्या काढल्या.

"भिवाकाका, पोट साफ झाला की त्यात या काडीनं चार ठिकानी टोचायचा, काडी नळीत घालायची, झाकन लावून द्यायचा. बस."

रामा जाळं सोडून हसायला लागला. "काय गो, हर्णैच्या मासळीच्या लिलावात ठेवतेस काय ह्ये?"

भिवाही हसला. संध्या हसली नाही. तिनं समजावून सांगितलं, की पंचेचाळिशीच्या पुढच्या सगळ्यांची ही तपासणी करायची आहे. आतड्यात आधी लहानसा मोड येतो, मिरीच्या दाण्याएवढा. तो दुखत नाही, खुपत नाही. त्याचा कॅन्सर व्हायला काही वर्षं जातात. त्यातून जे रक्त जातं ते इतकं थोडं असतं की डोळ्यांना दिसत नाही, पण या नळीत कळतं. "आनि तुमच्या वडलांना झालेला," ती म्हणाली, "म्हंजे तुमी तर पयले."

भिवाचं हसू मावळलं. "हंगामाच्या तोंडावर नको," तो म्हणाला. "तपासला की निघता. आप्पांचा तपासला नि तीन म्हयन्यांत गेले."

हे ऐकून मला रडू आलं. तपासल्यामुळे आप्पा गेले असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं. तपासायला उशीर झाला हे त्याला कोण सांगणार? ते मला ठाऊक होतं, फक्त मला.

तेव्हा आतून कमळा आली. हातात परात होती, ती तिनं खाली ठेवली.

"आप्पांची धोतरा मी धुवायची," ती म्हणाली. "डाग मी बगितलेले. एकदा नाय, धा येळा."

भिवाच्या हातातली सुई तशीच राहिली.

"सुनेनं सासऱ्याला काय इचारायचा? आनि तुमाला सांगितला असता तर तुमी म्हनाला असता, बापाच्या धोतराकडं कशाला बगतेस. म्हनून मी साबन जास्ती लावला नि गप ऱ्हायली."

"तू कदी बोलली नायस."

"आता बोलतेय. ती नळी घ्या."

मित्रांनो, माझा सात वर्षांचा गर्व त्या क्षणी गळून पडला. मला वाटत होतं की मी एकटाच साक्षीदार आहे. तिकडे दगडावर ही बाई तेच डाग साबणानं घालवत होती आणि इकडे मी पाण्यानं. दोघांनी मिळून आप्पांचं गुपित किती स्वच्छ ठेवलं होतं.

भिवानं नळी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी, जुन्या वर्तमानपत्राचा कागद पसरून, देवाचं नाव घेत, त्यानं तो विधी पार पाडला. काडी धरताना त्याचा चेहरा असा होता, की वादळातही तो एवढा घाबरला नसेल. नळी त्यानं कमळाच्या हाती दिली आणि आंघोळीला पळाला.

आता खरा घोळ झाला. नळी थंड ठेवा, मी उद्या येऊन घेऊन जाते, असं संध्यानं सांगितलं होतं. पण त्याच दुपारी वाऱ्यानं दापोलीच्या रस्त्यावर झाडं आडवी झाली आणि वीज गेली. संध्या आली नाही. फ्रिज बंद. दुसरा दिवस उजाडला तरी वीज नाही. कमळा नळी हातात घेऊन पडवीत बसलेली मला खिडकीतून दिसत होती. नाशिवंत वस्तू, बर्फ नाही, गिऱ्हाईक आलेलं नाही. अशा वेळी काय करायचं हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिनं नळीचं झाकण उघडलं, खड्या मिठाची चिमूट आत सोडली, झाकण घट्ट लावलं आणि खारवलेल्या बांगड्यांना ठेवतात तशी ती नळी सावलीत टांगून ठेवली.

रस्ता मोकळा झाल्यावर संध्या ती घेऊन गेली आणि आठवड्यानं कागद घेऊन आली. नमुना बाद. नळी उघडलेली, आत मिठाचे खडे.

"काकी, मीठ कुनी घातला?"

"मी. नायतर कुजला नसता काय?"

संध्यानं पदर तोंडाला लावला. हसू तिला आवरेना. कमळालाही आवरेना. पण भिवा हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता. "देवानंच नको म्हनला," तो म्हणाला. "एकदा दिला तो दिला. आता होडीचा काम काडलाय मी." संध्या नवी नळी फळीवर ठेवून गेली. तिच्यावर दोन दिवसांत धूळ बसली. तिसऱ्या दिवशी कमळानं विषय काढला तर भिवा जेवणावरून उठून गेला. हंगाम दहा दिवसांवर आला. एकदा होडी पाण्यात गेली की भिवा काही हाताला लागायचा नाही, हे मला माहीत होतं. मला रोज आप्पा आठवायचे.

आणि मग जे झालं त्यात माझा थोडासा हात आहे, असं मी म्हणतो. कोणी मान्य करो वा न करो.

त्या सकाळी भिवानं मला काठोकाठ भरून कोपऱ्यात ठेवलं. थोड्या वेळानं बघतो तर मी अर्धा रिकामा. त्याला वाटलं, आपणच कमी भरला. पुन्हा भरला, पुन्हा तेच. त्यानं मला बाहेर आणलं, बोटं फिरवून बूड चाचपलं. काही लागेना. मग त्यानं मला उलटा धरून माझ्या तोंडातून आभाळाकडे बघितलं. माझ्या बुडात उजेडाचा एक ठिपका होता, सुईच्या टोकाएवढा. भिवा कितीतरी वेळ तसाच बघत राहिला.

"कदीपासून गळतोय देव जाने," तो कमळाला म्हणाला. "रोज हातात हाय माज्या. मला कळला नाय."

त्यानं होडीच्या डांबराचा ठिपका लावून माझं भोक बुजवलं आणि मला उन्हाच्या तिरिपेत सुकत ठेवलं. मग आत गेला आणि फळीवरची नळी घेऊन आला. "ह्या येळी मीठ घालू नको," एवढंच म्हणाला.

ती नळी घेऊन गेल्यावर पाच दिवसांनी संध्या आली. एरवी ती वाटेवरूनच हाका मारत यायची. त्या दिवशी ती गप्प आली, आणि तेवढ्यावरून मला कळलं. ती पडवीत भिवाच्या शेजारी बसली. "काका, नळीत रक्त दिसलाय. म्हंजे कॅन्सर हाय असा नाय. पन दुर्बीण घालून आत बगायला लागंल. सावर्ड्याकडच्या मोठ्या इस्पितळात तारीख घेतलेय मी. गाडी पन सांगितलेय."

रक्त? मी तर रोज बघत होतो. एक लाल धागासुद्धा मला दिसला नव्हता. ज्या नजरेवर मी एवढा विसंबून होतो, ती नजर फुकट होती.

भिवा उठून माझ्याकडे आला आणि आतून कडी लावली. त्याला कसली घाई नव्हती, कसली गरज नव्हती. तो नुसता उभा राहिला, माझा कान मुठीत धरून. माझ्यातलं पाणी हेलकावत होतं. "आप्पा," तो हळूच म्हणाला. मला वाटलं, याच जागी, याच लादीवर, मी हे सगळं दुसऱ्यांदा बघणार आहे. बाहेर कमळा दारावर थाप मारत होती. "अवो, बाहेर या. एकटे बसू नका." खूप वेळानं त्यानं कडी काढली.

जायच्या आदल्या दिवशी त्याला पोट साफ व्हायचं औषध प्यायचं होतं. त्या दुपारबद्दल मी फार बोलणार नाही. चौदा खेपा मी मोजल्या. पंधराव्या खेपेला भिवा मला म्हणाला, "बाबा, तू पन दमलास," आणि आम्ही दोघेही जरा हसलो.

दुसऱ्या दिवशी ते दोघे गेले आणि घराला कुलूप लागलं. मी कोरडा पडून होतो. प्रत्येक गाडीचा आवाज आला की मी कान टवकारायचो आणि गाडी पुढे निघून जायची. बाकी वाडीत होड्या रंगवण्याची, नारळ आणण्याची गडबड चालली होती. भिवाची होडी तेवढी झापाखाली होती. आप्पांना मुंबईला नेलं त्या दिवशीही असाच मी कोरडा होतो, आणि परत आले ते आप्पा ओळखू येत नव्हते. काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

ते आले. आधी कमळाचा आवाज ऐकू आला, ती शेजारच्या तुळसाला सांगत होती. आतड्यात दोन मोड होते. दुर्बिणीतूनच काढून टाकले, पोट फाडावं लागलं नाही. त्यातला एक मोठा होता, तो तपासायला पाठवलाय. निकाल यायला दहा दिवस लागतील. म्हणजे अजून दहा दिवस भीती. त्या दहा दिवसांत नारळी पौर्णिमा झाली, बाकीच्या होड्या गेल्या, आणि भिवा किनाऱ्यावर हात बांधून उभा राहिला.

निकाल आला तेव्हा संध्या वाटेवरूनच हाका मारत आली. मोड वाईट वळणावर होता, पण कॅन्सर झालेला नव्हता. आणखी काही वर्षं तो तसाच राहिला असता तर झाला असता, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण. आणि मुलाला, अजिंक्यला, चाळिशीतच तपासायचं.

त्या संध्याकाळी भिवानं पडवीत बसून मुंबईला अजिंक्यला फोन लावला. त्याचा आवाज आधीच मोठा, त्यात समोर समुद्र. "आप्पांना संडासातून रक्त जायचा," तो म्हणाला. "वरीसभर. कोनी बोलला नाय. माज्या पन नळीत रक्त निगाला. आता तू ऐक." आप्पांनी मरेपर्यंत जे शब्द तोंडातून काढले नाहीत, ते सगळ्या वाडीनं ऐकले. मला लाज वाटली नाही. मला बरं वाटलं.

मित्रांनो, तुमच्या घरी मोठी माणसं असतील. त्यांना माझा निरोप सांगा. पाणी ओतण्याआधी एकदा बघा. लाल दिसलं तर त्याला उष्णता म्हणून मोकळे होऊ नका, डॉक्टरकडे जा. आणि काही दिसलं नाही, तरीही आशाताई नळी घेऊन आली तर तिला परत पाठवू नका. सगळं बघणारा मी, मलाही दिसलं नव्हतं.

माझी भीती संपली, असं मला वाटलं होतं. पण काल तिन्हीसांजेला मागच्या दाराशी कोणीतरी आलं. रामा होता, लिलावाचं बोलून हसलेला. तो पडवीत न चढता माझ्या भिंतीला लागून उभा राहिला आणि भिवाला हळूच म्हणाला, "भिवादा, ती नळी अजून मिळंल काय? माजा जरा... शिमग्यापासून लाल जाता."

शिमग्यापासून. म्हणजे पाच महिने. भिवानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता नळी नको," तो म्हणाला. "उद्या सकाळी तू नि मी, संध्याला घेऊन थेट डॉक्टरकडं."

रामाच्या घरी निळा मग आहे. पाच महिने त्यानं काय काय पाहिलं असेल, काय काय धुवून टाकलं असेल, ते मला ठाऊक आहे. त्यालाही माझ्यासारखंच बोलता येत नाही. उद्याची सकाळ लवकर होऊ दे, एवढंच मी रात्रभर म्हणत होतो. आत्ताच भिवा मला भरून गेला, आणि वाटेवर रामाच्या चपलांचा आवाज येतोय.